गुप्तचरांना पैसा आहे, कायदा नाही

२ मार्च १९३० रोजी पंचवटीतल्या काळाराम मंदिराकडे निघालेली मिरवणूक मैलभर लांब होती, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. मंदिराचे दरवाजे बंद होते आणि बाहेर पोलीस उभे होते. मिरवणूक गोदेच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांचा हा सत्याग्रह महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्यावर सरकारचे कान किती बारकाईने लागलेले होते, हे मात्र पुष्कळ उशिरा लोकांसमोर आले. मुंबई इलाख्याच्या पोलिसांचा एक गोपनीय गोषवारा निघत असे. ‘सीक्रेट ॲब्स्ट्रॅक्ट’ या नावाने तो ओळखला जाई. सभेत कोण बोलले, किती लोक जमले, पुढे काय ठरले, याच्या नोंदी जिल्ह्याजिल्ह्यांतून येत आणि त्यात उतरत. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९८२ मध्ये आंबेडकरांच्या चळवळीची साधने खंडरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात या पोलिसी नोंदीही छापल्या. अभ्यासकांसाठी तो खजिनाच आहे. पण मंदिरात जाऊ द्या एवढेच मागणाऱ्या माणसांवर पाळत ठेवण्याचा अधिकार सरकारला कोणत्या कायद्याने मिळाला होता, त्याचा खर्च कोणाच्या मंजुरीने होत होता आणि त्या खात्याला जाब कोण विचारत होते, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या खंडात मिळत नाहीत. ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, आणि आजही बव्हंशी नाहीत.

परक्या राजवटीत ती नसावीत यात नवल नाही. नाशिकचा या इतिहासाशी संबंध तर त्याआधीचा आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. लंडनमधून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांचा माग काढता काढता सरकारची नजर साहेबाच्या देशातल्या हिंदी विद्यार्थ्यांवर स्थिरावली. त्याच सुमारास मुंबई पोलिसांतला जॉन वॉलिंगर नावाचा अधिकारी लंडनला पाठवला गेला आणि त्याच्या हाताखाली ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’ ही कचेरी उभी राहिली. तिचे अस्तित्व उघडपणे कबूल केले जात नसे. १९४७ पर्यंत ती चालू होती, आणि तिची दप्तरे लोकांना पाहायला मिळाली ती १९९० च्या दशकात. इकडे १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती विधिमंडळाला अर्थसंकल्पावर थोडेफार मत देण्याची मुभा मिळाली, पण ‘राजकीय’ आणि ‘संरक्षण’ या शिक्क्याचा खर्च मतदानातून बाहेरच ठेवला गेला. विधिमंडळाने त्यावर मत देऊ नये, अशी सरळ तरतूद होती. या तरतुदीबाबत सरकारने निदान लपवाछपवी केली नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

स्वतंत्र भारताच्या संविधानकर्त्यांनी ही चौकट बदलली, आणि ती कशी बदलली हे पाहण्यासारखे आहे. २९ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत संघसूचीतला एक विषय चर्चेला आला: केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभाग. ‘अन्वेषण’ म्हटले की केंद्र प्रांतांच्या पोलिसांच्या कामात हात घालणार, अशी शंका काही सभासदांनी काढली. उत्तर द्यायला उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. गुन्ह्याचा तपास हा फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पोलीस अधिकाऱ्याचाच राहील, इथे अभिप्रेत आहे ती केंद्राला लागणारी सर्वसाधारण माहिती आणि चौकशी, असा त्यांचा खुलासा होता. आज हा विषय सातव्या अनुसूचीत, संघसूचीच्या आठव्या क्रमांकावर आहे. सूचीत विषय घालणे म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला देणे. याच्या जोडीला अनुच्छेद ११२ ठेवून पाहा. संसदेच्या मताशिवाय होणाऱ्या ‘भारित’ खर्चाची यादी त्यात दिली आहे. राष्ट्रपतींचे वेतन आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे आहे, सरकारी कर्जावरचे व्याज आहे. गुप्तचर खात्याचा खर्च त्या यादीत नाही. म्हणजे हा खर्च संसदेने मत देऊन मंजूर करावा आणि त्या खात्याचा कायदाही संसदेनेच करावा, असा दरवाजा घटनाकारांनी उघडा ठेवला. ज्यांच्या चळवळीच्या नोंदी वीस वर्षांपूर्वी पोलिसी गोषवाऱ्यात जात होत्या, त्यांच्याच देखरेखीखाली हा मसुदा तयार झाला होता.

त्या दरवाजातून संसद अजून आत गेलेली नाही, हा या लेखाचा मुद्दा आहे. इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, आपली सुरुवात २३ डिसेंबर १८८७ पासून मोजते. तो जन्म इंग्रज सरकारच्या हुकमाने झाला. स्वातंत्र्यानंतर तिचे नाव तेच राहिले आणि आधारही तोच राहिला. चीन आणि पाकिस्तानबरोबरच्या युद्धांनंतर परदेशी गुप्तवार्तेसाठी वेगळी संस्था हवी असे ठरले आणि सप्टेंबर १९६८ मध्ये आयबीतून ‘रॉ’ वेगळी काढली गेली. तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६३ मध्ये नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवले होते. गृहमंत्रालयाच्या हाताखालची एवढी मोठी शाखा मंत्रिमंडळ सचिवालयाकडे, पर्यायाने पंतप्रधानांकडे गेली. लोकसभेत त्यासाठी एकही विधेयक आले नाही, कारण सरकारी आदेशाने काम भागत होते. २००४ मध्ये तांत्रिक गुप्तवार्तेसाठी ‘एनटीआरओ’ आली, तीही तशीच. मग संसदेने या संस्थांबद्दल काहीच केले नाही का? केले. १९८४ मध्ये पन्नासावी घटनादुरुस्ती करून आणि १९८५ मध्ये एक कायदा करून या खात्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना काढण्याच्या, पत्रकारांशी बोलण्याच्या हक्कांवर बंधने घातली. आयबी आणि रॉ यांची नावे घेणारा कायदा देशात आहे, पण तो त्यांच्या नोकरांना गप्प करण्यापुरता आहे. त्या खात्यांनी काय करावे, काय करू नये आणि कोणाला उत्तर द्यावे, याबद्दल त्यात अक्षर नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही ही नावे सापडतात, पण ती वगळलेल्या संस्थांच्या यादीत.

पैशाची वाट याहून बोलकी आहे. अनुच्छेद २६६ प्रमाणे कायद्याने मंजूर केल्याशिवाय देशाच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. त्यामुळे दरवर्षी संसद विनियोजन कायदा करते आणि या संस्थांना पैसा मिळतो. आयबीची रक्कम गृहमंत्रालयाच्या मागण्यांत एका ओळीत दिसते. २०२५-२६ साठी ती सुमारे ३,९०० कोटी रुपये होती. रॉची रक्कम कुठेच वेगळी दाखवली जात नाही. आयबीच्या त्या ओळीत पगार किती, यंत्रे किती, खबऱ्यांना किती, हे खासदाराला कळत नाही. बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना ‘गिलोटिन’खाली एकगठ्ठा मंजूर होतात, त्यामुळे विचारायची वेळही क्वचितच येते. खर्च झाल्यावरची तपासणी तर आणखी मजेशीर आहे. ‘गुप्त सेवा खर्च’ या शीर्षाखालच्या रकमेच्या पावत्या लेखापरीक्षकापुढे जात नाहीत. संबंधित अधिकारी वर्षाअखेर एक दाखला देतो: इतके रुपये खर्च झाले, इतके शिल्लक आहेत, सार्वजनिक हितासाठी हा खर्च गुप्त निधीतून होणे आवश्यक होते आणि तो योग्य रीतीने झाला. या दाखल्यावर हिशेब बंद होतो. महापालिकेने पंचवटीत एखादे गटार दुरुस्त केले तरी त्याचे मोजमाप पुस्तक लेखापरीक्षकाला दाखवावे लागते. इथे खर्च करणाऱ्याच्याच बाजूच्या माणसाची सही पुरते. खबऱ्याची पावती मागू नये हे समजण्यासारखे आहे, कारण त्याच्या जिवाचा प्रश्न असतो. पण ही सवलत फक्त खबऱ्यापुरती आहे की महागड्या यंत्रांनाही लागू होते, याचे उत्तर बाहेरच्या माणसाला मिळायची सोय नाही.

कायदा नसल्याने बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडलेल्याची यादी आपल्याकडे आहे, पण ती अर्धवट आहे, आणि अर्धवट असणे हाच तिचा दोष आहे. आणीबाणीनंतर आयबी आणि सीबीआयच्या गैरवापराचा विचार करायला एल. पी. सिंह समिती नेमली गेली. तिचा अहवाल लोकांसमोर आलाच नाही. नेताजींच्या कुटुंबावर आयबीने स्वातंत्र्यानंतर दोन दशके पाळत ठेवल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, तोवर सांगणारे आणि ऐकणारे दोघेही गेले होते. महाराष्ट्रातले उदाहरण ताजे आहे. नाना पटोले, एकनाथ खडसे, संजय राऊत अशा नेत्यांचे फोन भलत्याच नावांनी आणि भलतीच कारणे दाखवून टॅप झाले, असे आरोप विधिमंडळात झाले. २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले, राज्य गुप्तवार्ता विभागाचे प्रमुखपद सांभाळलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव त्यात आले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते गुन्हे रद्द केले. मधल्या काळात राज्यातले सरकार बदलले होते. एका बाजूला हे सूडाचे राजकारण वाटले, दुसऱ्या बाजूला गुन्ह्यावर पडदा. कोणाची बाजू खरी हे इथे ठरवायचे नाही. दोन्ही पक्षांनी विश्वास ठेवावा अशी एकही कायम संस्था राज्यात नव्हती, म्हणून प्रश्न थेट पोलीस ठाण्यात गेला आणि सत्तेबरोबर त्याची दिशाही फिरली. अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे काम केले असेल तर तेही सिद्ध करून देणारे कोणी नव्हते. कायद्याची गरज नागरिकाइतकीच प्रामाणिक अधिकाऱ्यालाही असते, ती इथे दिसते.

फोन ऐकण्याबाबत कायदा मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, त्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही अटी घातल्या: आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत ठरलेली हवी, आणि प्रत्येक आदेश पुनरावलोकन समितीपुढे गेला पाहिजे. कागदावर हे नीट आहे. प्रत्यक्षात काय होते ते न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये माहिती-संरक्षणाच्या अहवालात लिहून ठेवले आहे. मुंबईकरांना हे नाव १९९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीपासून ओळखीचे आहे. दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या पुनरावलोकन समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात, असे तो अहवाल सांगतो. एका आदेशाला एक मिनिट दिले तरी १५,००० आदेशांना २५० तास लागतील, म्हणजे न झोपता, न जेवता दहा दिवसांहून अधिक. शिवाय समितीत बसतात कोण? केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि दोन सचिव, राज्यात मुख्य सचिव आणि दोन सचिव. आदेश देणारेही सचिव, तपासणारेही सचिव. न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा कोणी नाही. चुकीचा आदेश निघाला तर तो पकडला जातो, पण योगायोगाने आणि वर्षांनंतर. मुंबईतल्या एका व्यावसायिकाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. ते आदेश जवळपास दहा वर्षांपूर्वीचे होते. खटला उभा राहिला म्हणून त्या माणसाला कळले तरी. ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याला कधीच कळत नाही.

हिशेब मागायचा तो फक्त अतिरेकाचा, असे नाही. खाते कमी पडले तर तेही कोणी तपासायला हवे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसे गेली. महाराष्ट्र सरकारने माजी गृहसचिव राम प्रधान आणि रॉमधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिने पोलिसांच्या तयारीतले दोष दाखवले. पण ती राज्याची समिती होती. दिल्लीहून कोणती सूचना केव्हा निघाली, ती कोणी कशी हाताळली, केंद्रीय संस्थांत कोणाचे कुठे चुकले, हे तपासण्याचा अधिकार तिला नव्हता. अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर स्वतंत्र आयोग बसला आणि त्याचा जाडजूड अहवाल पुस्तकांच्या दुकानात विकला गेला. आपल्याकडे मुंबईवरच्या हल्ल्याची केंद्रीय पातळीवरची तशी चौकशी झालीच नाही. ज्या राज्याने ती किंमत मोजली त्याच्या खासदारांनाही ती मागून घ्यायला संसदेत जागा नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सगळे उघड केले तर गुपित राहील कसे? उघड करा असे कोणी म्हणतच नाही. अमेरिकेत १९७५-७६ मध्ये सिनेटर चर्च यांच्या समितीने सीआयए आणि एफबीआयचे उद्योग बाहेर काढले, त्यानंतर दोन्ही सभागृहांच्या कायम समित्या झाल्या, आणि गुप्तचर संस्थांना अधिकार व पैसा देणारा वेगळा कायदा तिथे जवळपास दरवर्षी होतो. कायद्याचा मजकूर छापला जातो, संस्थावार रकमांची पुरवणी गोपनीय राहते, ती समितीचे सभासद बंद खोलीत पाहतात. २००७ पासून एकूण रकमेचा आकडाही जाहीर होतो. त्या एका आकड्याने कोणाचे गुपित फुटल्याचे ऐकिवात नाही. जर्मनीच्या संसदेत तर गुप्तचर संस्थांचे अंदाजपत्रक तपासायला अर्थसमितीतल्याच निवडक सभासदांची गोपनीयतेची शपथ घेतलेली वेगळी समिती आहे. ब्रिटनने आपल्या संस्थांना १९८९ आणि १९९४ मध्ये कायद्याच्या चौकटीत आणले आणि संसद सभासदांची समिती बसवली. ज्यांच्याकडून आपण आयबीचा साचा उचलला त्यांनी तो मोडून नवा केला. आपण जुना जपून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आपले राजकारणी तोंडाचे फाटके, समितीत बसले की दुसऱ्या दिवशी बातमी. ही भीती पोकळ नाही. पण गुप्त अहवाल आजही राजकारण्यांच्याच हातात जातात. फरक इतकाच की ते फक्त सत्ताधारी राजकारण्यांच्या हातात जातात. विरोधकांपैकी दोन-तीन जबाबदार माणसे आत घेतली तर फुटण्याचा धोका थोडा वाढेल, गैरवापराचा मात्र बराच कमी होईल. तिसरा आक्षेप न्यायालयांचा आधार घेतो: सर्वोच्च न्यायालय आहेच की. पण त्या न्यायालयानेच २०१६ मध्ये गुप्तचर संस्थांवर संसदीय देखरेख आणि कॅगची तपासणी मागणारी याचिका फेटाळली. पेगॅसस प्रकरणात न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखालच्या समितीला सरकारने सहकार्य केले नाही, हे २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीची ही गत, तर सामान्य अर्जदाराचे काय सांगावे?

सगळ्यात कठीण आक्षेप मला चौथा वाटतो. अमेरिकेत इतके कायदे असूनही २०१३ मध्ये स्नोडेनने दाखवले की कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा होत होत्या. मग कायद्याचा उपयोग काय? उपयोग मर्यादित आहे, हे मान्यच करायला हवे. समितीतले सभासद हळूहळू खात्याचे मित्र बनतात, हेही खरे. पण तिथे पुढे काय झाले ते पाहावे. अपील न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले की ही नोंदींची सरसकट गोळाबेरीज कायद्याच्या त्या कलमात बसत नाही, आणि त्याच वर्षी संसदेने ती थांबवणारा कायदा केला. मर्यादा लिहिलेली होती म्हणून ती ओलांडल्याचे दाखवता आले. आयबीने मर्यादा ओलांडली असे उद्या कोणाला सिद्ध करायचे झाले तर कोणती मर्यादा, हाच पहिला प्रश्न येईल. सरकारी बाजू संघसूचीतल्या त्या आठव्या विषयाकडे बोट दाखवू शकते, पण सूचीतला विषय म्हणजे कायदा नव्हे.

खासगी विधेयकाने हे काम होईल अशी आशा नको. मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये गुप्तचर संस्थांचे अधिकार, संसदीय समिती, न्यायाधिकरण आणि लोकपालासारखा तक्रार-अधिकारी यांची तरतूद असलेले विधेयक लोकसभेत मांडले. ते पुढे सरकले नाही, आणि १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. हा कायदा सरकारनेच आणावा लागेल, आणि सरकार तर या अहवालांचे पहिले गिऱ्हाईक. म्हणून सुरुवात राज्यातून व्हावी असे मला वाटते. पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. राज्य गुप्तवार्ता विभागासाठी महाराष्ट्राचे विधिमंडळ दिल्लीची वाट न पाहता कायदा करू शकते. गेल्या काही वर्षांत इथले जवळजवळ सगळे पक्ष सत्तेत बसून आले आहेत आणि विरोधातही, आणि फोन ऐकले जात असल्याची तक्रार आळीपाळीने बहुतेकांनी केली आहे. एवढी सहमती इतर विषयांवर सहसा सापडत नाही. पहिले कलम अगदी छोटे असू शकते: गृहविभागाने वर्षभरात फोन ऐकण्याचे किती आदेश दिले, पुनरावलोकन समितीने त्यातले किती रद्द केले आणि ती किती वेळा बसली, हे तीन आकडे मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत. नावे नकोत, क्रमांक नकोत, कारणेही नकोत. ब्रिटनमध्ये स्वतंत्र आयुक्त असे आकडे दरवर्षी छापतो. मग गृहविभागाच्या मागण्यांवर मत देताना नाशिकच्या आमदाराला निदान एवढे विचारता येईल, की आदेश इतके हजार असताना रद्द झालेले शून्य कसे?